अपेंडिक्सचं ऑपरेशन रात्रीच करायला हवं की सकाळपर्यंत थांबलं तर चालतं?

तुमचा प्रश्न वाचला. मला जे समजलं ते आधी मांडते, काही चुकत असेल तर सांगा. धाकटा भाऊ, वय २२, पुण्यात रूमवर राहतो. काल रात्री जेवण झाल्यावर दहाच्या सुमारास पोट दुखायला लागलं, आधी बेंबीभोवती, पहाटे उजव्या बाजूला खाली सरकलं, दोन उलट्या, जेवणावर वासना नाही, अंगात कणकण. आज संध्याकाळी सोनोग्राफी केली, अपेंडिक्स ९ मिलिमीटर, आजूबाजूला पू नाही, गोळा नाही, पांढऱ्या पेशी १४,५००. सर्जन म्हणाले आत्ता ऍडमिट व्हा, उद्या सकाळी पहिली केस याचीच घेतो. आणि घरात तीन मतं पडलीयत. काका म्हणतात अपेंडिक्स कधी फुटेल सांगता येत नाही, रात्रीच करायला लावा नाहीतर दुसरं हॉस्पिटल बघा. मावसभाऊ म्हणतो हल्ली अँटिबायोटिकनी बरं होतं, उगाच कापाकापी कशाला. आणि आई म्हणतायत त्याला रात्रीच्या गाडीने लातूरला आणा, इथं ओळखीचे डॉक्टर आहेत, करायला माणसं आहेत. तुम्ही विचारलंय की नक्की किती तास आहेत हातात.

मी जनरल सर्जन आहे, सोलापूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करते. तुमच्या भावाच्या पोटावर माझा हात पडलेला नाही, ज्यांचा पडलाय ते सर्जन काय म्हणतात त्याला माझ्या या सगळ्या लिहिण्यापेक्षा जास्त वजन द्या. अपेंडिक्समध्ये हाताने तपासणं अजूनही महत्त्वाचं आहे, रिपोर्ट कितीही चांगला असला तरी. पण तुम्ही लिहिलेल्या माहितीवरून निदानाबद्दल मला फारशी शंका वाटत नाही. आम्ही अल्व्हाराडो स्कोअर म्हणून एक दहा मार्कांचा हिशोब वापरतो, १९८६ पासून आहे तो, त्यात दुखणं सरकलं का, भूक गेली का, उलटी-मळमळ, उजवीकडे दाबल्यावर दुखतं का, ताप, पांढऱ्या पेशी असं सगळं धरतात. तुमच्या भावाचे त्यात सात-आठ तरी होतायत. वर सोनोग्राफीत ६ मिलिमीटरच्या पुढे जाडी आणि दाबल्यावर न दबणारी नळी. म्हणजे अपेंडिक्सच.

आता मुख्य गोष्ट. लोक तास मोजतात ते डॉक्टरने "ऑपरेशन" हा शब्द उच्चारल्यापासून. मी मोजते ते पोट दुखायला लागल्यापासून, आणि त्याचे दोन तुकडे करते. पहिला तुकडा घरी जातो, दुखायला लागल्यापासून दवाखान्यात पोचेपर्यंत. दुसरा तुकडा हॉस्पिटलमध्ये, निदान झाल्यापासून टेबलावर जाईपर्यंत. घरातली सगळी भांडणं दुसऱ्या तुकड्यावर होतात, रात्री की सकाळी, आणि नुकसान बहुतेक वेळा पहिल्या तुकड्यात आधीच झालेलं असतं. माझ्याकडे फुटलेलं अपेंडिक्स घेऊन जे पेशंट येतात त्यांना क्वचितच कुणा सर्जनने रात्रभर थांबवलेलं असतं. ते दोन-दोन तीन-तीन दिवस घरीच असतात. बेंबी सरकली म्हणून चोळून घेतलेली असते, ओवा-हिंग झालेलं असतं, मेडिकलवाल्याने गॅसची गोळी दिलेली असते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पोट साफ व्हावं म्हणून एरंडेल पाजलेलं असतं. हे मात्र कधीच करू नका. पोटात दुखतंय आणि उलट्या होतायत अशा माणसाला जुलाबाचं औषध किंवा एनिमा द्यायचा नसतो.

होतं काय ते थोडं सांगते म्हणजे बाकीचं समजेल. अपेंडिक्स ही एका बाजूने बंद असलेली नळी. तिचं तोंड मलाच्या खड्याने किंवा आतल्या सुजलेल्या गाठींनी बंद झालं की आत स्राव साठतो, दाब वाढतो, जंतू वाढतात, भिंतीला रक्त कमी पडायला लागतं. या पायरीला दुखणं बेंबीपाशी जाणवतं कारण तिथली नस तीच आहे. मग सूज नळीच्या बाहेरच्या अस्तराला आणि पोटाच्या आतल्या पडद्याला लागते, तेव्हा दुखणं नेमकं उजवीकडे खाली येतं, खोकलं की दुखतं, गाडी खड्ड्यातून गेली की दुखतं. पुढे भिंत काळी पडून भोक पडू शकतं, त्याला आपण फुटणं म्हणतो. पण सगळीच अपेंडिक्सं या रस्त्याने शेवटपर्यंत जात नाहीत. काही पहिल्याच दिवशी फुटतात, आणि काही तीन दिवस सुजून राहतात आणि फुटतच नाहीत. काही सर्जनांचं तर म्हणणं आहे की हे दोन वेगवेगळे आजार असावेत, एक फुटणारा आणि एक न फुटणारा. मला स्वतःला हे पटतं, पण कोणतं कुठल्या जातीचं हे पहिल्या संध्याकाळी छातीठोक सांगता येत नाही, म्हणून नजर ठेवावी लागते.

काकांचं म्हणणं कुठून आलंय तेही सांगते, कारण ते वेडेपणाचं अजिबात नाही. १८८६ मध्ये बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी दाखवून दिलं की उजव्या बाजूच्या त्या जीवघेण्या पूचं मूळ अपेंडिक्समध्ये असतं आणि ते लवकर काढलं पाहिजे, १८८९ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅकबर्नींनी कुठे दाबून बघायचं ते सांगितलं, तो बिंदू आजही त्यांच्याच नावाने ओळखतात. १९०२ साली इंग्लंडच्या सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक दोन दिवसांवर आला असताना पुढे ढकलावा लागला तो याच दुखण्यामुळे, फ्रेडरिक ट्रीव्हज यांनी राजवाड्यातच पोट उघडून पू काढला आणि राज्याभिषेक ऑगस्टमध्ये झाला. तेव्हा अँटिबायोटिक नव्हती. पेनिसिलिन सगळीकडे मिळायला लागलं ते १९४० च्या दशकात. त्याआधी अपेंडिक्स फुटलं तर माणूस हातचा जायचा, म्हणून निदान झालं की त्याच घटकेला पोट उघडायचं हा नियम झाला, तोच आमच्या शिक्षकांपर्यंत आला, त्यांनी आम्हाला शिकवला आणि काकांच्या पिढीच्या डोक्यात पक्का बसला.

आता त्याची तपासणी झालेली आहे. फिनलंड आणि नॉर्वेमध्ये एक मोठा अभ्यास झाला, २०२३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. अठराशेच्या वर मोठी माणसं, साधं अपेंडिक्स, म्हणजे न फुटलेलं. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, एका गटाचं ऑपरेशन ८ तासांच्या आत ठरवलं, दुसऱ्याचं २४ तासांच्या आत. ऑपरेशनच्या वेळी फुटलेलं सापडलं ते पहिल्या गटात ८ टक्के आणि दुसऱ्यात ९ टक्के. म्हणजे फरक नाहीच म्हणा. त्याआधी २०२० मध्ये जगभरच्या इमर्जन्सी सर्जनांच्या संघटनेने जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यातही हेच आहे, साधं अपेंडिक्स असेल तर ऍडमिट केल्यापासून २४ तासांपर्यंत थांबलं तर धोका वाढत नाही, त्यापुढे मात्र नेऊ नका. न्यूयॉर्कचा २००६ चा एक छोटा अभ्यास आहे, तो मला जास्त आवडतो कारण त्यांनी तास दुखायला लागल्यापासून मोजले. त्यात उपचाराशिवाय ३६ तासांपर्यंत फुटण्याचं प्रमाण २ टक्क्यांच्या आत होतं आणि त्यानंतर दर बारा तासांच्या टप्प्यात साधारण ५ टक्के धोका. तुमच्या भावाला काल रात्री दहाला सुरू झालं, उद्या सकाळी आठला चौतीस तास होतील. आणि महत्त्वाचं म्हणजे ते चौतीस उपचाराशिवायचे नाहीत, आज रात्रीपासून शिरेतून औषध सुरू होतंय.

म्हणून माझं उत्तर, सकाळी पहिली केस ही दिरंगाई नाही. पण "सकाळी" आणि "बघू" यात फरक आहे. सकाळी म्हणजे आज रात्री तो बेडवर आहे, सलाईन चालू आहे, शिरेतून अँटिबायोटिक चालू आहे, तोंडाने काही नाही, दर दोन-चार तासांनी कुणीतरी येऊन नाडी, ताप, बीपी बघतंय आणि पोटाला हात लावून बघतंय, आणि काही बदललं तर रात्री दोनला सर्जनला फोन जाणार आहे. हे सगळं असेल तर झोपा निवांत. यातलं काहीच नसेल, नुसतं रूमवर जा सकाळी उपाशी पोटी या असं असेल, तर ते मला चालणार नाही, तेव्हा मी काकांच्या बाजूची.

एक जण हमखास विचारतो की दुखण्याचं इंजेक्शन दिलं तर आजार झाकला जाणार नाही का. आम्ही शिकत होतो तेव्हा असंच सांगायचे, पेशंट तळमळत ठेवायचे. आता ते कुणी मानत नाही. निदान झालंय, सर्जनने तपासलंय, तर पेन किलर द्यायला काही हरकत नाही, उलट शांत पडलेल्या माणसाचं पोट नीट तपासता येतं. फक्त मेडिकलमधून आपल्या मनाने अँटिबायोटिकच्या दोन-चार गोळ्या घेऊन मग दवाखान्यात येणं, ते नको. त्याने आजार जात नाही, लक्षणं मात्र पुसट होतात आणि आम्ही चाचपडत बसतो.

रात्री का करत नाहीत हा सगळ्यांच्या मनातला प्रश्न असतो, डॉक्टरला झोपायचंय असं लोकांना वाटतं. थोडं झोपायचंही असतं, खोटं कशाला बोलू. दिवसभर ओपीडी आणि ऑपरेशनं करून रात्री एकला उभा राहिलेला सर्जन आणि सकाळी आठचा सर्जन, तुम्हीच ठरवा कोण हवा. पण खरी अडचण बहुतेक वेळा वेगळी असते. आमच्यासारख्या गावात भूलतज्ज्ञ एका हॉस्पिटलचे नसतात, चार-पाच ठिकाणी फिरतात, रात्री एखाद्या सिझेरियनला अडकलेले असतात, आणि बाळाचे ठोके कमी होत असतील तर अपेंडिक्सने थांबायचं असतं, त्यात वाद नाही. दुर्बिणीचा सेट निर्जंतुक होऊन तयार आहे का, मदतीला सराईत सिस्टर आहे का की नवीन मुलगी आहे, रक्त लागलं तर ब्लड बँक किती लांब. पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात हे सगळं रात्रीही असतं, पण तिथेही रात्रीची ओटी ऍक्सिडेंट आणि फाटलेल्या आतड्यांसाठी राखलेली असते. आणि पेशंटने संध्याकाळी सहाला "थोडं तरी खा" म्हणून कुणी दिलेली इडली खाल्लेली असते. जेवण झाल्यावर सहा तास तरी जाऊ द्यावे लागतात, नाहीतर भूल देताना उलटी छातीत जाते आणि ते अपेंडिक्सपेक्षा वाईट. तेव्हा भावाजवळ जे मित्र बसलेत त्यांना आत्ताच सांगा, नारळपाणी, ज्यूस, बिस्किट काही नाही.

आता सकाळपर्यंत कुणी थांबायचं नाही ते सांगते. कारण वरचं सगळं वाचून कुणीतरी भलत्याच पेशंटला लावेल अशी मला भीती आहे.

संपूर्ण पोट दुखतंय, नुसतं उजवीकडे नाही, आणि पोट ताठ झालंय, हात लावू देत नाही. नाडी ११०-१२० च्या वर. ताप १०२ च्या पुढे, थंडी वाजून. बीपी खाली, लघवी कमी, माणूस गुंगीत किंवा बडबडतोय. सोनोग्राफीत किंवा सीटीत पोटात पाणी, पू किंवा हवा दिसतेय. हे फुटलेलं किंवा फुटण्याच्या बेतात असलेलं अपेंडिक्स, याला सकाळची वाट बघायची नाही. पण इथेही पळत टेबलावर नेत नाहीत हे नातेवाइकांना समजत नाही. असा माणूस सुकलेला असतो, आधी तास-दोन तास भरपूर सलाईन, अँटिबायोटिक, लघवीची नळी, नाडी-बीपी जागेवर आणायचं आणि मग भूल. त्या दोन तासांत बाहेर आरडाओरडा होतो की डॉक्टर काहीच करत नाहीत. खरं तर तेव्हाच सगळ्यात जास्त चाललेलं असतं.

आणि एक फसवी गोष्ट. रात्रभर जोरात दुखत असलेलं पोट अचानक एकदम हलकं वाटायला लागलं तर खूश होऊ नका, सिस्टरला सांगा. अपेंडिक्स फुटलं की आतला दाब सुटतो, तासभर बरं वाटतं, आणि मग सगळं पोट पेटतं. "मध्ये बरं वाटलं होतं म्हणून घरी थांबलो" हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय.

लहान मुलांचा हिशोब वेगळा. पाच वर्षांच्या आतलं मूल कुठे दुखतंय ते सांगत नाही, नुसतं रडतं, जुलाब होतात त्यामुळे सगळ्यांना गॅस्ट्रो वाटतो, आणि पोटातला चरबीचा जो पदर मोठ्या माणसात सुजलेल्या अपेंडिक्सभोवती गुंडाळून घेऊन पू एका जागी कोंडून ठेवतो तो त्यांच्यात अजून तोकडा असतो. ही मुलं दवाखान्यात येतात तेव्हाच पुष्कळदा फुटलेलं असतं. म्हातारी माणसं आणि जुने डायबेटिसवाले उलट्या टोकाचे, त्यांना ताप येत नाही, दुखतही फार नाही, रिपोर्ट साधे, आणि आत सगळं सडलेलं. या दोघांत मी स्वतः थांबण्याकडे कमी झुकते.

गरोदर बाईला अपेंडिक्स झालं की घरचे म्हणतात बाळाला धोका, ऑपरेशन नको, औषधावर काढू. बाळाला धोका भुलेपेक्षा आणि ऑपरेशनपेक्षा फुटलेल्या अपेंडिक्सचा जास्त असतो. तिथे वेळ काढणं सगळ्यात महागात पडतं. पोट वाढलं की अपेंडिक्स वर सरकतं त्यामुळे दुखण्याची जागाही नेहमीची नसते, सोनोग्राफीत दिसलं नाही तर एमआरआय करतात.

तरुण मुलींमध्ये उजवीकडे दुखलं की अपेंडिक्सच्या आधी बीजांडाला पीळ पडलाय का आणि गर्भ नळीत राहिलाय का हे बघायचं असतं, म्हणून आम्ही लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट करायला सांगतो, त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही, लग्न झालेलं असो नसो सगळ्यांची करतात. आणि मुलग्यांचं एक, जे लाजेपायी राहून जातं. अंडकोषाला पीळ पडला की काही मुलांचं दुखणं ओटीपोटात जातं, मुलगा आईसमोर बोलत नाही, घरचे पोट दाखवतात. चड्डी काढून तपासल्याशिवाय मुलग्याचं पोट तपासलं असं मी मानत नाही. तिथे मात्र खरोखर तासांची शर्यत असते, सहा तासांच्या आत पीळ सोडवला तर अंडकोष वाचण्याची शक्यता चांगली असते, पुढे ती झपाट्याने घसरत जाते. अपेंडिक्ससाठी लोक जेवढी घाई करतात तेवढी इथे करायला हवी.

मावसभावाचा मुद्दा. तो खोटं बोलत नाहीये. पाणबुडीतल्या नौसैनिकांना, जिथे सर्जनच नाही, तिथे अँटिबायोटिकवर ठेवून बरं केल्याची उदाहरणं फार जुनी आहेत. आता व्यवस्थित अभ्यासही आहेत. फिनलंडच्याच दुसऱ्या एका अभ्यासात सीटी करून साधं अपेंडिक्स आहे याची खात्री केलेल्या पेशंटना फक्त अँटिबायोटिक दिलं, त्यातल्या साधारण २७ टक्के लोकांना वर्षाच्या आत ऑपरेशन करावं लागलं आणि पाच वर्षांत ३९ टक्क्यांना. अमेरिकेत २०२० मध्ये दीड हजारावर पेशंटचा अभ्यास आला, त्यात नव्वद दिवसांतच १०० तले २९ ऑपरेशनला आले, आणि ज्यांच्या अपेंडिक्समध्ये मलाचा खडा होता त्यांच्यात ४१. म्हणजे अर्ध्याहून जास्त माणसं सुटतात हे खरं, पण बाकीच्यांचं ऑपरेशन फक्त पुढे ढकललं जातं. मी हा पर्याय देते, लपवत नाही. ज्याला हृदयाचा आजार आहे, भूल धोक्याची आहे, किंवा ज्याची ऑपरेशनला अजिबातच तयारी नाही. पण अट अशी की सीटी झालेला हवा आणि खडा नको. सोनोग्राफीत खडा दिसतोच असं नाही. आणि पुढचं वर्षभर पोटात दुखलं की दोन तासांत सर्जनकडे पोचता येईल असं राहायला हवं. बावीस वर्षांचा तंदुरुस्त मुलगा, रूमवर एकटा, मेसचं जेवण, पुढच्या वर्षी कुठे नोकरी लागेल माहीत नाही, अशाला मी तरी ऑपरेशन करून मोकळा हो म्हणेन. परीक्षा चार दिवसांवर असलेला एखादा मुलगा सगळं समजून घेऊन औषधावर राहीन म्हणाला तर त्यालाही वेड्यात काढणार नाही. हा निर्णय त्याचा आहे, बावीस वर्षांचा आहे तो, सही त्यानेच करायचीये.

आईंचं मात्र मी ऐकणार नाही, आणि हे मी आई म्हणूनच सांगतेय. पुणे ते लातूर सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर, रात्रीची सात-आठ तासांची ट्रॅव्हल्स. त्या वेळात सलाईन नाही, औषध नाही, कुणी बघणारं नाही, प्रत्येक स्पीडब्रेकरला पोटात कळ, आणि टेंभुर्णी-बार्शीच्या मध्ये काही झालं तर ना पुणे ना लातूर. पहाटे पोचणार, तिथे परत पेपर काढा, परत तपासा, परत ओटी रिकामी आहे का बघा, म्हणजे दुपार. सकाळी आठचं ऑपरेशन दुपारी तीनवर जातं आणि मधले सगळे तास उपचाराशिवायचे. वर मी जो पहिला तुकडा म्हटला, घरात जाणारा वेळ, तो तुम्ही निदान झाल्यावर नव्याने सुरू करताय. पेशंटने गाडीत बसायचं नाही, आई-वडिलांनी बसायचं. ते सकाळी सातला पुण्यात असतील, भाऊ ओटीत जायच्या आधी भेट होईल. पोचायला उशीर झाला तरी ऑपरेशन थांबवू नका. दुर्बिणीतून सुरळीत झालं तर एक-दोन दिवसांत घरी सोडतात, मग आठवड्याने न्या लातूरला आणि करा काय करायचं ते.

हेच जर उलट असतं, म्हणजे तो एखाद्या लहान गावात असता जिथे सर्जनच नाही, तर मी म्हटलं असतं लगेच हलवा, पण तेही पहिलं अँटिबायोटिकचं इंजेक्शन आणि सलाईन लावून, डॉक्टरची चिठ्ठी घेऊन, आधी फोन करून, १०८ ला किंवा चांगल्या गाडीने, तास-दोन तासांच्या अंतरावर जिथे सोय आहे तिथे. नातेवाईक कुठे राहतात यावर हॉस्पिटल निवडायचं नाही.

एक राहिलं. काहीजण पाच-सहा दिवस दुखणं अंगावर काढून येतात आणि उजवीकडे हाताला गोळा लागतो. मग आम्ही सांगतो की ऑपरेशन आत्ता नाही, आधी औषध, सहा-आठ आठवड्यांनी बघू. घरचे चक्रावतात, काल आलेल्याचं आज आणि आठवड्याने आलेल्याचं दोन महिन्यांनी, हा कुठला न्याय. कारण त्या गोळ्यात आतडी एकमेकांना चिकटलेली असतात, तेव्हा हात घातला तर आतडं फाटू शकतं, थोडं अपेंडिक्स काढायला गेलं आणि हातभर आतडं काढावं लागलं असं होतं. पू साठला असेल तर सोनोग्राफीखाली नळी घालून काढतात. चाळिशीच्या पुढच्या माणसात असा गोळा असेल तर सूज उतरल्यावर सीटी आणि कोलोनोस्कोपी केलीच पाहिजे, कधीकधी मुळात गाठ असते, आणि आपल्याकडे आतड्याचा टीबीही नेमका याच कोपऱ्यात बसतो.

तर तुमच्यापुरतं, आज रात्री ऍडमिट, औषधं सुरू, उपाशी, सकाळी ऑपरेशन, प्रवास नाही. रात्रीत दुखणं पोटभर पसरलं, नाडी वाढली, ताप चढला तर सकाळची वाट न बघता रात्रीच, आणि हे सर्जनना आत्ताच विचारून ठेवा की असं झालं तर तुम्ही येणार आहात ना. चांगला सर्जन या प्रश्नाने चिडत नाही.

आजच उरकायची बाकीची कामं. मेडिक्लेम असेल तर कॅशलेसचे कागद आज रात्रीच टीपीए डेस्कला, म्हणजे हॉस्पिटलमधल्या विम्याच्या टेबलावर द्या, सकाळी आठला तिथे कुणी नसतं. संमतीपत्रावर "दुर्बिणीतून, गरज पडल्यास पोट उघडून" असं लिहिलेलं असेल, त्याला घाबरू नका, ते लिहिलेलं नसेल तर मला जास्त काळजी वाटेल. आणि दुर्बीण नसेल, साधं दोन-अडीच इंचाच्या चिऱ्याने करणार असतील तर तेवढ्यासाठी हॉस्पिटल बदलू नका, ते ऑपरेशन शंभर वर्षांहून जास्त चालत आलंय आणि आजही चांगलं आहे, चार दिवस जास्त दुखतं एवढंच. काढलेलं अपेंडिक्स बाटलीत घालून तपासायला पाठवतील, त्याचा रिपोर्ट साधारण आठवड्याने येतो. तोवर सगळे लातूरला गेलेले असतात आणि तो कागद हॉस्पिटलच्या फाईलमध्ये पडून राहतो. शंभरात एखाद्यापेक्षाही कमी लोकांच्या अपेंडिक्समध्ये छोटी गाठ निघते, बहुतेक वेळा काढलं तेवढ्यावरच भागतं, पण काहींना पुढे तपासण्या लागतात. टाके दाखवायला जाईल तेव्हा तो रिपोर्ट मागून घ्यायला सांगा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा.